शून्य बजेटची सुट्टी, शून्य सावलीची दुपार

ज्यांना ऑफिसात इअरफोन घालून बसता येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून इथे टाकतोय. बोलताना जे 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली' झालं ते बरंचसं काढलंय. सगळं काढलं नाही, कारण मग तो मी वाटणार नाही.

नवीन मंडळींसाठी ओळख: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बी.टेक., वय 28, आई-बाबांबरोबर पुण्यात राहतो आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो. आजचा विषय आहे माझ्या भाची-भाच्याची उन्हाळ्याची सुट्टी. भाची अकरा वर्षांची, सहावी झालेली. भाचा सात वर्षांचा, आणि त्याचं काय झालंय हे त्यालाच विचारा. ताई आणि दाजींना विचारून हा भाग करतोय. दाजींनी एकच अट घातली, कंपनीचं नाव घ्यायचं नाही. आपण कुणाचंच घेणार नाही.

तर झालं असं की मार्चमध्ये दाजींची नोकरी गेली. ते प्रॉडक्शनमध्ये, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत होते. एका शुक्रवारी साठ जणांना बोलावून पत्रं दिली, विषय संपला. दरवर्षी मुलांचा दोन आठवड्यांचा समर कॅम्प असतो, मग मनाली किंवा उटी असं काहीतरी. यंदा ते काही जमणार नव्हतं. ताईची नोकरी चालू, पण घराचा हप्ताही चालू. म्हणून एप्रिल संपता संपता चौघंही आमच्याकडे आले. मुलांना सांगितलं, "यावेळी आजीकडे मोठी सुट्टी." खरं कारण सांगितलं नाही. ते मला तेव्हाही फारसं पटलं नव्हतं, पण मुलं त्यांची, मी मामा. मामाने किती बोलावं याला मर्यादा असते.

पहिले तीन दिवस काय झालं ते लांबवत नाही. टीव्ही, फोन, टीव्ही, भांडण, फोन. चौथ्या दिवशी सकाळी मी दोघांना सव्वासहाला उठवून वेताळ टेकडीवर नेलं. माझा स्टँडअप दहाला असतो, त्यामुळे साडेनऊपर्यंतचा वेळ माझा. ऊनही तोवर सोसण्यासारखं असतं. प्लॅन वगैरे काही नव्हता. पण तिथे एक आवाज येत होता. टुक... टुक... टुक... टुक... अगदी एका लयीत, घड्याळासारखा. भाचा म्हणाला, "मामा, कुणीतरी काहीतरी ठोकतंय." फोनवर मर्लिन नावाचं अ‍ॅप आहे, पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगतं. त्याने इंग्रजी नाव दिलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती पोळ्या लाटता लाटताच म्हणाली, "अरे, तो तांबट. तांब्याची भांडी ठोकल्यासारखा ओरडतो म्हणून तांबट." भाचीने विचारलं, "तांब्याची भांडी ठोकतात? कोण ठोकतं?"

मला वाटतं आमची सुट्टी खरी सुरू झाली ती या प्रश्नाने.

कारण पुण्यात याचं उत्तर बसने जाऊन बघता येतं. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून तांब्याचं काम करणारी घरं तिथे आहेत, काही अजूनही करतात. शनिवारी आम्ही गेलो. आळीत शिरायच्या आधीच ठोकण्याचा आवाज कानावर येतो, आणि भाचा रस्त्यात थांबून ओरडला, "हा तर टेकडीवरचाच पक्षी!" एका कारागीर काकांनी मुलांना उंबऱ्यात बसू दिलं. भांडं तयार झाल्यावर त्यावर हातोडीने एकसारखे, चकाकणारे ठसे उमटवतात, त्याला मठारकाम म्हणतात. मला वाटायचं ते नुसतं सुंदर दिसावं म्हणून असतं. काकांनी समजावलं की ठोकल्याने पत्रा दाबला जातो आणि भांड्याला बळकटी येते. मी मान हलवली. घरी हे सांगितल्यावर कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेले दाजी पटकन म्हणाले, "वर्क हार्डनिंग. धातू ठोकला की कडक होतो, मग फुटू नये म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करावा लागतो." आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. पाच दिवसांत ते पहिल्यांदा आपणहून काही बोलले होते. ताईने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही.

त्यानंतर आमचा एक नियम ठरून गेला. कुठेही गेलो की तिथून एक प्रश्न घरी आणायचा आणि पुढच्या वेळी त्याच्या मागे जायचं. बजेट असं काही नव्हतं. भाचीने एका जुन्या वहीत खर्च लिहायला घेतला. बसचा डे-पास, काकडी, खडू, सगळं. तिला हिशेबाची हौस आहे असं आम्हाला वाटलं.

पाताळेश्वरला गेलो. जंगली महाराज रोडवरून मी हजार वेळा गेलो असेन, आत शेवटचा शाळेत असताना. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं लेणं, भर ट्रॅफिकच्या शेजारी. अख्खं एका कातळात वरून खाली कोरलेलं. बाहेर अंग भाजतंय आणि आत पायाला गारवा. तिथला प्रश्न भाच्याचा होता: "दगड फ्रीजसारखा गार कसा?" यावर घरी माठाचा प्रयोग झाला. एक माठ, एक स्टीलची कळशी, दोन्हींत नळाचं पाणी, रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी थर्मामीटर. खोलीत 35, कळशीत 33, माठात 26. दगडाचं आणि माठाचं कारण वेगळं आहे, हे मी त्यांना सांगितलं. दगड जाड असतो, तापायला वेळ लावतो. माठ पाझरतो, आणि ते पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. भाच्याला कारणाशी देणंघेणं नव्हतं, तो दर तासाला थर्मामीटर बुडवत होता. मग आईने माठाला हात लावू नका म्हणून दम दिला आणि प्रयोग संपला.

पाण्यावरून पाणी निघालं. माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. एरवी ते कमी बोलतात, पण पाण्याचं नाव काढलं की थांबत नाहीत. त्यांनी मुलांना सांगितलं की जुन्या पेठांत 'हौद' नाव असलेले जे चौक आहेत, ते उगीच नाहीत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यात, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत पाणी आणलं होतं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. मध्ये मध्ये हवा खेळती राहावी आणि माणसाला आत उतरता यावं म्हणून उभ्या विहिरीसारखे उच्छ्वास. "उतार चुकला असता तर?" भाचीने विचारलं. बाबा म्हणाले, "तर पेशव्यांना टँकर मागवावा लागला असता."

मग एका रविवारी सकाळी बाबा, मी आणि मुलं हौद शोधायला निघालो. फडके हौद, साततोटी, बदामी हौद. बऱ्याच ठिकाणी आता हौदापेक्षा नावच जास्त उरलंय. शेवटी शनिवारवाडा. 1730 साली पाया घातला, 1828 च्या आगीत आतला वाडा जळून गेला, आता आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. मुलं एरवी इथे कंटाळतात, बघायला काय, तर जोती. पण पाणी कुठून येत होतं हे माहीत असल्यावर हजारी कारंज्यापाशी भाची पाच मिनिटं उभी राहिली. कात्रज कुठल्या दिशेला, किती उंच, इथे दाब किती येत असेल. असे प्रश्न मला सीनिअर आर्किटेक्टसुद्धा विचारत नाहीत.

आता ज्याच्यासाठी हा भाग करतोय ते सांगतो.

बाहेर पडल्यावर बर्फाच्या गोळ्याची गाडी होती. भाचा अर्थातच तिकडे पळाला, कालाखट्टा. मी भाचीला विचारलं, "तुला कुठला?" ती म्हणाली, "मला नको. मला आवडत नाही." या मुलीने दरवर्षी माझ्याकडून दिवसाला दोन गोळे उकळले आहेत. मी म्हटलं असेल, घसा वगैरे. पण बसमध्ये तिने वही काढली आणि गोळ्याचे पैसे लिहून त्याखाली हळूच दोन रेघा मारल्या. मी वही मागितली. मागच्या पानावर एक वजाबाकी होती. वर समर कॅम्पची फी, दोघांची मिळून पंधरा हजार. त्यातून आमचा रोजचा खर्च वजा. समोर लिहिलेलं: 'वाचले'.

मी विचारलं, "हे कशासाठी?"

बाबा आणि भाचा पुढच्या सीटवर होते. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "मामा, बाबांच्या आयकार्डची ती निळी दोरी दाराजवळच्या हुकाला असायची. मार्चपासून नाहीये." आणि मग म्हणाली, "तू सांगू नकोस हं त्यांना, की मला माहितीये. त्यांना वाईट वाटेल."

म्हणजे बघा. चार मोठी माणसं दोन महिने अकरा वर्षांच्या पोरीपासून एक गोष्ट लपवतायत, आणि ती पोरगी तीच गोष्ट तिला माहीत आहे हे चार मोठ्या माणसांपासून लपवतेय. आणि स्वतःचे गोळे कापून घर चालवतेय.

मी सांगितलं. तिने नको म्हटलं होतं तरी त्याच रात्री ताई-दाजींना सांगितलं, आणि सकाळी तिलाही सांगितलं की मी सांगितलंय. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. चालेल. दाजी रात्री वही हातात धरून बराच वेळ बसले होते. त्या निळ्या दोरीबद्दल कळल्यावर एवढंच म्हणाले, "मी ती कपाटात ठेवली होती. मला दिसू नये म्हणून."

त्या आठवड्यात घरी कुरडया चालल्या होत्या. ज्यांनी केलेल्या बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी: गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून त्याचं सत्त्व खाली बसू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि मग शिजवून चीक करायचा. तो गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर घालायच्या. निम्मा चीक मुलं तेल-मीठ घालून तिथेच खातात, ही आईने धरलेलीच घट. उरलेल्यांना कावळ्यांपासून राखायला कुणीतरी बसावं लागतं. त्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या सावलीत, हातात काठी घेऊन, दाजी आणि भाची बसले.

मी कपडे वाळत घालत होतो, म्हणून ऐकलं. दाजी म्हणाले, "कंपनीने साठ जणांना काढलं. त्यात मी होतो. माझ्या कामात चूक नव्हती, पण काढलं. ऑक्टोबरपर्यंत पुरतील एवढे पैसे बाजूला आहेत. आईचा पगार आहे. फिरायला जायचं नाही, नवीन फोन नाही, पण शाळा बदलायची नाही आणि घर बदलायचं नाही."

भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "गोळा चालेल?"

दाजी म्हणाले, "गोळा चालेल."

एक कावळा तेवढ्यात एक कुरडई घेऊन गेला. दोघांनीही काठी उचलली नाही.

त्यानंतर दाजी आमच्यात आले. आणि खरं सांगतो, ते आल्यावर माझे प्रयोग किती लेचेपेचे होते ते कळलं. माझा सगळा जन्म कीबोर्डवर गेलाय. हा माणूस हाताने मोजणारा.

मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तुम्ही रील्समध्ये बघितलं असेल. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या प्रत्येक गावावर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. पुण्यात पहिला दिवस 13 मेच्या आसपास, वेळ दुपारी 12 वाजून 31 मिनिटं. बाराला नाही, कारण आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलंय आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे.

इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये हेच वापरून पृथ्वीचा घेर काढला. एका गावी सूर्य डोक्यावर असताना उत्तरेकडच्या दुसऱ्या गावी सावली किती अंशाची पडते ते बघायचं. आम्हाला दुसरं गाव हवं होतं. माझी आत्या लग्न होऊन इंदूरला गेली, ती तिथलीच झालीये. तिला फोन केला. ती म्हणाली, "भर दुपारी बाराला गच्चीवर? वेड लागलंय का रे तुम्हाला?" आणि लगेच, "काय काय सामान लागेल?"

मी काठी उभी करू म्हणत होतो. दाजींनी ते उडवून लावलं. काठी सरळ उभी आहे हे कशावरून? आणि सूर्य काही ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, काठीच्या टोकाची सावली फिसकटलेली पडते. त्यांनी ओळंबा केला. कपडे वाळत घालायच्या दोरीला दोरा, खाली कुलूप बांधलेलं, आणि मध्ये दाभणाने ओवलेलं एक लिंबू. दारात लिंबू-मिरची टांगतात ना, तसंच, फक्त मिरची नाही. खाली लाकडी पाट. गच्चीला पाणी जायला उतार असतो, म्हणून पाटाखाली वर्तमानपत्राच्या घड्या घालून तो इतका समतल केला की गोटी ठेवली तर जागची हलत नव्हती. गोटी ठेवायचं खातं भाच्याकडे. पाटापासून लिंबापर्यंत बरोबर 100 सेंटिमीटर. लिंबाची सावली गोल पडते, कडा फिसकटली तरी मध्य सापडतो. व्हिडिओ कॉलवर आत्याकडूनही त्यांनी डिट्टो हेच करून घेतलं. तिने पाटाऐवजी पोळपाट घेतला.

इंदूर पुण्याच्या पूर्वेला, त्यामुळे तिची मध्यान्ह आधी, 12 वाजून 23 मिनिटांनी. वाऱ्याने दोरा हलत होता, तिने तीनदा खडूने खूण केली: साडेसहा, सात, साडेसात सेंटिमीटर. आम्ही सात धरलं. मग आमची आठ मिनिटं. 12:27 ला ढग आला. अक्षरशः कुणी श्वास घेत नव्हतं, आईसुद्धा गॅस बंद करून वर आली होती. 12:30 ला ढग सरकला आणि लिंबाची सावली सरकत सरकत बरोबर कुलपावर येऊन बसली. भाचा स्वतःच्या पायाखाली सावली शोधत गोल गोल फिरत होता.

गणित सहावीचंच. त्रिकोणमिती तिला येत नाही, म्हणून दाजींनी वर्तमानपत्रं जोडून जमिनीवर खऱ्या मापाचा त्रिकोण काढला, 100 उभा, 7 आडवा, आणि कोनमापक लावला. चार अंश. पूर्ण वर्तुळ 360, म्हणजे असे 90 तुकडे. फोनच्या नकाशावर पुणे-इंदूरचं फक्त दक्षिणोत्तर अंतर मोजलं, 465 किलोमीटर. नव्वद गुणिले 465, उत्तर 41,850. खरा आकडा ध्रुवांवरून मोजला तर 40,008. साडेचार टक्क्यांची चूक, एक लिंबू आणि एक पोळपाट वापरून. आत्या म्हणाली, "चूक तुमच्याकडची असेल."

सगळे टाळ्या वाजवत असताना भाची म्हणाली, "पण मामा, नकाशाला 465 कसं कळलं? त्याला पृथ्वी किती मोठी आहे ते आधीच माहीत असणार ना? मग आपण काय काढलं?"

मी दाजींकडे बघितलं, दाजी माझ्याकडे. ती शंभर टक्के बरोबर होती. प्रामाणिकपणे करायचं तर अंतर जमिनीवरून मोजायला हवं. 1802 मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने तेच केलं, साखळीने पहिली आधाररेषा मोजली आणि तिथून भारताची मोजणी त्रिकोणात्रिकोणाने वर सरकत गेली. हे सांगितल्यावर तिचं समाधान झालं असं नाही. तिने वहीत लिहून ठेवलंय, 'इंदूरपर्यंत मोजणे', आणि पुढे खर्चाचा रकाना मोकळा सोडलाय.

पावसाच्या आधी ते आपल्या घरी गेले. वहीतला एकूण आकडा 2,340 रुपये, शनिवारवाड्यानंतरचे सगळे गोळे धरून.

तुम्हाला करायचं असेल तर तारखा सांगतो, एखादा दिवस मागेपुढे धरा: पणजी 2 मे, कोल्हापूर 6 मे, पुणे 13, मुंबई 15-16, नाशिक 20, नागपूर 26 मे. परतीच्या वाटेवर जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात, नशिबावर सोडा. दुसरं गाव शक्यतो सरळ उत्तरेला किंवा दक्षिणेला निवडा आणि जितकं लांब तितकं बरं, म्हणजे सावली मोठी पडेल आणि मोजताना चूक कमी होईल. सूर्याकडे थेट बघायचं नाही, खाली सावलीकडेच बघायचं. आणि लिंबू ताजं घ्या, सुकलेल्यात दाभण जात नाही.

दाजींचं विचाराल तर, ऑगस्टमध्ये एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले. पगार आधीपेक्षा कमी आहे, मुलांना किती कमी ते माहीत आहे. नवीन आयकार्डाची दोरी लाल आहे, हुकावरच असते. पुढच्या भागात मी पक्ष्यांच्या आवाजाची ती अ‍ॅप्स आतून कशी चालतात ते सांगणार आहे. भेटूच.